रिकामी बेचकी

घरात कोळ्यांनी राहावं की राहू नये, यावरून सासरे आणि सून यांच्यात सात वर्षं धुसफूस चालू होती. भांडण म्हणावं इतकी ती कधी वाढली नाही, कारण सासऱ्यांना भांडणाचा कंटाळा. सूनबाईने झाडू डोक्याच्या वर नेला की ते मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "त्या कामावरच्या बाया आहेत. त्यांना हात लावायचा नाही."

"कामावर आहेत, तर पगार काय देता?"

"माश्या. मिळतील तेवढ्या."

"आणि सुट्टी?"

"तू आल्यापासून त्यांचा जीव मुठीत आहे. सुट्टी कसली घेतायत."

सूनबाई हसायची आणि झाडू खाली घ्यायची, पण मनातून तिला ते काडीइतकंही पटलेलं नसायचं. पुढच्या दोन खोल्या तिने अशा लख्ख ठेवल्या होत्या की खाली पडलेला घास उचलून खुशाल तोंडात टाकावा. मागची खोली मात्र अप्पांची. सासऱ्यांना सगळे अप्पाच म्हणत. तिथे छताचे चारही कोपरे, खिडकीची चौकट, कपाटामागची फट, जिकडे बघावं तिकडे बायांची वस्ती. त्या दारावरून जाताना ती नजर खाली ठेवायची. दिसलं की हात शिवशिवणार, त्यापेक्षा न दिसलेलं बरं.

अप्पांचा धंदा मोजणीच्या दुर्बिणी दुरुस्त करण्याचा. रस्ते, कालवे, जमिनी मोजणारी माणसं तिपाईवर दुर्बीण ठेवून एक डोळा मिटून बघत असतात, त्या दुर्बिणी. आत बघितलं की मधोमध एक बारीक काळी फुली दिसते. ती काचेवर काढलेली असणार, असंच कुणालाही वाटेल. जुन्या दुर्बिणींत ती कोळ्याच्या धाग्याची असायची. पितळेच्या कडीवर एक धागा आडवा, एक उभा, लाखेच्या थेंबाने चिकटवलेला. माणसाचा केस त्यापुढे दोरखंड वाटावा इतका तो बारीक. अप्पांनी आयुष्यभर असल्या फुल्या चढवल्या आणि त्यावर घर चालवलं. मग नवी यंत्रं आली, फुली काचेवरच छापून यायला लागली, आणि सूनबाई या घरात आली तोवर अप्पांकडे स्क्रू बदलायची आणि पितळ चकचकीत करून द्यायची कामंच तेवढी उरली होती. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सात वर्षांत त्यांनी एकही धागा चढवलेला तिने पाहिला नव्हता.

धागा काढायचं काम अप्पांचं नव्हतंच मुळी. ते सासूबाईंचं. सूनबाईने त्यांना पाहिलं नव्हतं, तिच्या लग्नाआधी चार वर्षं त्या गेल्या. घरात त्यांची आठवण निघायची ती हातांवरून. "तिचा हात हलका होता," एवढं अप्पा म्हणायचे, आणि त्यापुढे कुणी काही विचारायचं नाही.

सूनबाईचा हातही काही कमी नव्हता, पण तो वेगळ्या कामाचा. ती इस्पितळात हत्यारांच्या खोलीत होती. ऑपरेशनची कात्री, चिमटे, सुया, सगळं घासायचं, उकळायचं, वाफेच्या डब्यातून काढायचं आणि कापडात बांधून वर पाठवायचं. अकरा वर्षांत तिच्या हातून गेलेल्या एकाही पुडक्यावरून कुणी नाक मुरडलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा?

अप्पांच्या मागे ती दोन वर्षं लागली होती: ऑपरेशन करून घ्या. समजावलं, रागावलं, एकदा जेवायचं नाही म्हणून बसली. अप्पा ढिम्म. म्हणायचे, "या वयात काय बघायचं राहिलंय?" आणि मग एक दिवस मोजणी कचेरीतला जुना कारकून एक दुर्बीण घेऊन आला. कचेरी जुना माल मोडीत काढत होती, त्यातली एक त्याने अप्पांसाठी बाजूला ठेवली होती. अप्पांनी ती उलटी केली, बुडाशी कोरलेल्या आकड्यावरून अंगठा फिरवला, दोनदा फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईला म्हणाले, "विचार तुझ्या डॉक्टरांना, कधी जमेल."

आपण मागे लागलो म्हणून म्हातारा वळला, असं सूनबाईने वॉर्डभर सांगितलं. खरं कारण तिला ऑपरेशनच्या दिवशी कळलं. अप्पा इस्पितळाच्या बाकावर हिरवा झगा घालून बसले होते, आणि ती त्यांच्या डोळ्यात थेंब घालत होती.

"ती दुर्बीण आहे ना," अप्पा म्हणाले, "ती आमची पहिली. लग्न झालं त्या वर्षी तिने धागा काढला आणि मी चढवला. आता तुटलाय तो. पण तिने काढलेला शेवटचा धागा आहे माझ्याकडे. अकरा वर्षं ठेवलाय. एक डोळा नीट झाला तरी पुरे, चढवून टाकतो. मग माझं काही राहिलं नाही."

सूनबाईला गलबलून आलं. एवढी वर्षं म्हातारा गप्प होता, आणि बोलला तो असा, डोळ्यातून औषध गळत असताना.

"त्या धाग्याला कुणी हात लावणार नाही ना?" अप्पांनी विचारलं. "टेबलाच्या खणात आहे."

"कोण लावणार, अप्पा? मी आहे ना. जपून ठेवीन."

तेवढ्यात आतून हाक आली आणि ते उठले.

डॉक्टरांनी अप्पांना दोन दिवस ठेवून घेतलं आणि सूनबाईला बजावलं की घरी महिनाभर धूळ चालणार नाही, जळमटं तर मुळीच नाहीत, डोळ्यात एक कण गेला तरी पंचाईत. हे तिला सांगायची गरजच नव्हती. तिने दोन दिवसांची रजा टाकली, डोक्याला फडकं बांधलं आणि लांब झाडू घेऊन मागच्या खोलीत शिरली. नवरा बसवर वाहक, त्याची त्या आठवड्यात बाहेरगावची पाळी होती. घरात विचारायला कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर, असतं तरी तिने विचारलं नसतं.

सात वर्षांची हौस तिने एका सकाळी फेडून घेतली. कोपरे झाले, चौकट झाली, कपाट ओढून मागची फट झाली. कामावरच्या बाया सैरावैरा पळाल्या. ज्या पळाल्या नाहीत त्या केरात गेल्या. एक मोठी, पोटावर पिवळे पट्टे असलेली, खिडकीतल्या जाळ्यात मधोमध बसली होती. सूनबाई क्षणभर थांबली, आणि मग डॉक्टरांचे शब्द आठवून तिने जाळंही काढलं.

टेबलाच्या खणाला मात्र तिने नुसता फडका मारला नाही. दिलेला शब्द तिच्या लक्षात होता. तिने हात धुतले, पुसले आणि मगच खण उघडला. आत एक छोटी काचेची बाटली होती, बुचाची, आणि बाटलीत कापसाच्या बोळ्याएवढा करड्या रेशमाचा पुंजका. हाच तो. बाटलीला धक्का न लावता तिने ती उचलली, एका डब्यात मऊ कापडावर ठेवली आणि डबा कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवला. इतकी काळजी तिने कधी मूल घेतानाही घेतली नसेल.

बाटलीच्या मागे एक लाकडी पेटी होती. पेटीत तारेची बेचकी, चौदा. बोटाएवढ्या दांड्याची, वर दोन फाटे. तारा काळवंडलेल्या, फाट्यांवर कुठेकुठे धूळ धरलेली. एकाच्या दांड्याला लाल लोकरीची गाठ होती. म्हाताऱ्याची हत्यारं, आणि काय अवस्था! डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस उद्या हीच तोंडाजवळ धरून काम करणार. सूनबाईने पातेलं ठेवलं आणि इस्पितळात करते तसं सगळं केलं: आधी घासणं, मग वीस मिनिटं खळखळून उकळणं, मग धुतलेल्या कापडावर वाळवणं. लाल गाठीचा रंग सुटला आणि पाण्याला किंचित लाली आली, तेवढंच. बेचकी नव्यासारखी चमकायला लागली. ती ओळीने परत पेटीत ठेवताना आपण काहीतरी चांगलं केलंय असं तिला मनापासून वाटलं.

अप्पा घरी आले. डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याला धुकं, त्यामुळे खोली त्यांना नीट दिसली नाही, पण वासावरून कळलं. "बाया गेल्या वाटतं," ते म्हणाले.

"महिनाभर, अप्पा. मग येतील परत. मी काही बोलणार नाही."

"आणि धागा?"

"आहे. जपून ठेवलाय."

अप्पांचा जीव भांड्यात पडला. ते आडवे झाले आणि सूनबाईने त्यांच्या पायांवर चादर घातली.

पट्टी निघाली, थेंब संपत आले, आणि पाचव्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी, अप्पांनी दाढी केली. स्वच्छ सदरा घातला. टेबलावर काळं मखमली कापड अंथरलं, दुर्बिणीची पितळी कडी सोडवून त्यावर ठेवली, लाख वितळवायची छोटी बत्ती पेटवली. सूनबाई दारात उभी होती. त्यांनी खण उघडला, पेटी काढली आणि लाल गाठीचं बेचकं उचलून काळ्या कापडावर धरलं.

बेचकं उजेडाकडे वळवलं, तिरपं केलं, परत कापडावर आणलं. भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुसलं, परत लावलं.

"डोळा नीट झालेला नाही," ते म्हणाले.

ऑपरेशनची हत्यारं सूनबाईच्याच खोलीतून वर गेली होती. तिने झटकन औषधाचं खोकं आणलं, खिडकीशी धरलं. "अप्पा, हे वाचा. सगळ्यात खालची ओळ."

अप्पांनी वाचली. खोक्याचा नंबर, महिना, वर्ष, कंपनीचा पत्ता, अडखळल्याशिवाय. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं ती, सूनबाईला स्वतःला जेमतेम लागली असती.

"मग डोळा तर छान झालाय," ती म्हणाली. "काय दिसत नाही तुम्हाला?"

"धागा."

"धागा तिथे कुठे? धागा माझ्याकडे आहे." ती लगबगीने गेली, डबा आणला, कापडावरून बाटली उचलून त्यांच्यासमोर ठेवली. "हा काय. म्हटलं नव्हतं, जपून ठेवलाय?"

अप्पांनी बाटलीकडे पाहिलं. मग हातातल्या बेचक्याकडे. पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं की तार चमकतेय.

"ही पुसलीस का?"

"उकळली. वीस मिनिटं. इस्पितळात करतो तशी."

"सगळी?"

"सगळी. चौदा होती."

"वीस मिनिटं," अप्पा म्हणाले. त्यांनी बेचकं खाली ठेवलं. मग दुसरं उचललं, काळ्या कापडावर धरलं, वळवून बघितलं, ठेवलं. मग तिसरं. सूनबाई बघत होती. पाचव्या-सहाव्या बेचक्याला तिला कळायला लागलं, चौदाव्याला खात्री पटली. काळ्या कापडावर, चांगल्या डोळ्याने, भिंगातून बघितल्याशिवाय जो दिसत नाही तो धागा या फाट्यांवर गुंडाळलेला होता. तिने तो घासला होता, उकळला होता, आणि ते लालसर पाणी मोरीत ओतून वर चूळभर साधं पाणीही टाकलं होतं.

"मग हे काय आहे?" तिने बाटलीकडे बोट केलं.

"कचरा. तुटलेले तुकडे साठवायची ती. भिंग पुसायला बरे पडतात."

अप्पा रागावले असते तर तिला सोसलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मीच सांगायला हवं होतं, कशावर आहे ते. मला वाटलं, इतकी वर्षं घरात आहेस, तुला माहीत असेल." आणि त्यांनी बत्ती विझवली.

ते वाक्य सूनबाईला भाजलं. सात वर्षं ती त्या दारावरून दिवसातून दहादा गेली होती. एकदा, फक्त एकदा, आत जाऊन विचारलं असतं, अप्पा, हे कसं करता हो तुम्ही, तर म्हाताऱ्याने आनंदाने सगळं दाखवलं असतं. त्यांचा डोळा बरा झाला होता आणि बघायचं तेच तिने पुसून टाकलं होतं. डोळाच बिघडला असता तर परवडलं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची तिला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा बाटलीतला पुंजका घेऊन बसले. चिमट्याने एकेक तुकडा सोडवायचा, काळ्या कापडावर सरळ करायचा. कडीवर बसवायला दोन बोटं लांबीचा हवा. पंधरा दिवसांत त्यांनी सगळा पुंजका उकलला. सगळ्यात लांब निघालेला तुकडा नखाएवढा होता. त्यांनी तो परत बाटलीत टाकला आणि बूच लावलं.

नवऱ्याला हे सांगताना सूनबाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली. तो भला माणूस, बायकोची समजूत काढायला म्हणून बोलून गेला, "अगं, आई असती तर म्हणाली असती, गेला तर गेला, चल, दुसरा काढू."

सूनबाईने डोळे पुसले. पण दुसरा काढायचा तर बाया हव्यात, आणि घरात आता औषधालाही कोळी नव्हता. तिने जिन्याखाली बघितलं, गच्चीवर बघितलं. लोणच्याची रिकामी बरणी पिशवीत घालून ती इस्पितळाच्या आवारात फिरायला लागली. पहारेकरी तिला चांगला ओळखायचा. दर शनिवारी ती त्याला जळमटांवरून झापायची.

"काय शोधताय, ताई?"

"कोळी."

"एकही दिसणार नाही. तुमच्या भीतीने मीच काढले सगळे." तो खूश होऊन म्हणाला.

शेवटी सायकली ठेवायच्या छपराखाली तिला एक सापडली, पोटावर पिवळे पट्टे असलेली. ती बरणीत घेताना सूनबाईच्या अंगावर काटा आला, पण तिने झाकण लावलं आणि बरणी मांडीवर धरून बसने घरी आणली.

अप्पांनी बरणी बघितली. टेबलाशी दुसरं स्टूल ओढून ठेवलं.

"काडीवर घे तिला. आता काडीला हलकीशी टिचकी मार. पडेल ती, धाग्यावर लोंबकळेल. ती खाली जाते तितकंच गुंडाळ. घाई केलीस तर तुटेल. रेंगाळलीस तर ती परत वर चढेल."

तुटला. परत तुटला. ती वर चढली, सूनबाईच्या बोटावर आली, मनगटावर आली. सूनबाईने ओठ घट्ट मिटून घेतले आणि हात झटकला नाही.

"सासूबाईंना किती वेळ लागायचा?"

"ती बोलत बोलत काढायची," अप्पा म्हणाले.

चार रविवार गेले. पाचव्या रविवारी बेचक्यावर वेढे बसले. अप्पांनी ते काळ्या कापडावर धरलं, आणि या वेळी सूनबाईनेही भिंगातून पाहिलं. धागा होता. अप्पांनी त्यावर हळूच वाफ सोडली, तो सैल होऊ दिला, कडीवर आडवा टाकला, लाखेचा थेंब दिला. मग उभा. हात जरासुद्धा थरथरला नाही. दुर्बीण जोडून ती खिडकीशी उभी केली आणि तिला म्हणाले, "बघ."

समोरच्या गोदामाच्या भिंतीवर, विटांवर, मधोमध एक काळी फुली होती.

"चांगला आलाय," अप्पा म्हणाले. "एकसारखा आहे."

त्याला आता दोन वर्षं झाली. मागच्या खोलीत कोपऱ्याकोपऱ्यांत बाया परत राहायला आल्यात, आणि सूनबाईचा झाडू त्या दाराच्या आत जात नाही. दुर्बीण खिडकीशीच असते. कारकून येतो, शेजारी येतात, अप्पा सगळ्यांना आत बघायला लावतात आणि सांगतात, "फुली आमच्या सूनबाईच्या हातची आहे. बघा, किती सरळ." मनापासून सांगतात ते. सूनबाई तेवढ्यात काहीतरी काम काढून दुसऱ्या खोलीत जाते. ज्या जागी सासूबाईंचा धागा असायला हवा होता तिथे आपला आहे, आणि वर त्याचं कौतुक, हे तिच्याने ऐकवत नाही.

परवा रविवारी ती चहा घेऊन गेली, तर अप्पा टेबलाशी बसले होते. काळं कापड अंथरलेलं, भिंग डोळ्याला. हातात एक बेचकं, दांड्याला लोकरीची गाठ, रंग जवळजवळ उडालेला. ते त्यांनी कापडावर धरलं, उजेडाकडे वळवलं, तिरपं केलं, परत कापडावर आणलं. सावकाश, दोन्ही फाट्यांमधून.

तिची चाहूल लागली तसं त्यांनी ते पेटीत ठेवलं.

"काही नाही," अप्पा म्हणाले. "पुसून ठेवत होतो. दे चहा."